चाळीस शब्दांची चौकट

"शोधे सर कुठं बसत्यात?"

दारात एक बाई उभी होती. शुक्रवारची दुपार, साडेतीन वाजलेले. पाच वाजता रविवारच्या पुरवणीचा मजकूर कंपोजला द्यायचा होता आणि माझ्या सहापैकी दोन चौकटी अजून कोऱ्या होत्या. टेबलावर पोस्टकार्डांचा ढीग. दूध उतू जातं, मग पाणी का उतू जात नाही? आरशात डावं उजवं होतं, मग वरचं खाली का होत नाही? एका महाभागानं तर विचारलं होतं, टक्कल पडलेल्या माणसानं तोंड धुताना थांबायचं कुठं. ते कार्ड हातात घेऊनच मी करवादले, "सर नाहीत!"

"मंग थांबते," असं म्हणून बाई दाराशीच फतकल मारून बसली.

सर नव्हतेच. म्हणजे कधीच नव्हते. प्रा. शोधे म्हणजे मी, विजया गंधे, वय सव्वीस, बी.एस्सी. केमिस्ट्री. गोष्ट शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यातली आहे. आमच्या जिल्ह्याच्या पेपरात दर रविवारी 'विचारा, शोधे सांगतील' असं सदर यायचं. आमचे संपादक जोर्वेकरसाहेब यांनी ठरवून दिलं होतं की पोरीचं नाव टाकलं तर विज्ञान कोणी वाचणार नाही. म्हणून शोधे. चष्मा लावलेल्या, पांढऱ्या मिशांच्या माणसाचं चित्रसुद्धा सदराच्या डोक्यावर छापलेलं असायचं. नियम दोन. सहा चौकटी, प्रत्येकीत बरोबर चाळीस शब्द, कमी पडले तर भरायचे आणि जास्त झाले तर कापायचे. आणि शोध्यांना सगळं माहीत असतं.

दहा मिनिटांनी मी पाहिलं तर बाई तिथंच. आता मला राहवेना.

"काय काम आहे सरांकडे? मला सांगा. त्यांची कार्डं मीच बघते."

"तुमी बघता?" ती पटकन उठली. "मंग माझी तीन कार्डं कुठं गेली? पोरीकडनं लिहून टाकली व्हती. कौसाबाई लहानू थोरवे, बोरवाडी."

मला आठवलं. तिन्ही कार्डांवर एकच ओळ होती, पेन्सिलीनं लिहिलेली. 'दिवा जळत होता तरी माणूस मेला, का?' विहिरीतल्या दिव्याचा प्रश्न महिन्यापूर्वी होऊन गेला होता. झालेला प्रश्न आम्ही पुन्हा घेत नसू. तिन्ही कार्डं मी कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती.

"अहो, त्याचं उत्तर दिलंय आम्ही."

"तेच तर." तिनं कमरेच्या पिशवीतून पेपराचं कात्रण काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "मला वाचता येत न्हाई. पण पाठ झालंय. गावात रोज कुणी ना कुणी ऐकवतं."

माझंच उत्तर. 'विहिरीत साचलेला जड वायू दिवा विझवतो. म्हणून उतरण्यापूर्वी दोरीनं पेटता कंदील खाली सोडावा. दिवा जळत राहिला तर खालची हवा शुद्ध आहे आणि उतरायला हरकत नाही. तरीही कोणी दगावलं, तर दिवा आधीच विझलेला असतो. वर उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष नसतं, इतकंच.'

"वर मी हुबी व्हते," कौसाबाई म्हणाली. "दोरी माझ्या हातात व्हती. कंदील माझ्या डोळ्यांपुढं जळत व्हता. मी म्हनलं, जळतोय, उतरा. ते उतरले. अर्ध्यात गेले आन् हात सुटला. कंदील जळतच व्हता, ताई. त्यांना बाहेर काढलं तवाबी जळत व्हता."

तिनं हे सगळं कोरड्या डोळ्यांनी सांगितलं. बरेचदा सांगून झालं असणार. तिचा दीर, भिका, त्यानंच पेपराला कार्ड टाकून विचारलं होतं की असं कसं झालं. उत्तर छापून आलं आणि त्यानं ते चावडीवर मोठ्यानं वाचलं. शोधे सर म्हणतात की दिवा विझला होता. म्हणजे वहिनी खोटं बोलते. एक तर तिचं लक्ष नव्हतं, नाहीतर काय होतं ते तिलाच ठाऊक. सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं. आता सोमवारी भावकी बसणार होती, कौसाबाईला आणि तिच्या पोरीला घरात ठेवायचं की नाही ते ठरवायला.

"सरांना तेवढं इचारा," ती म्हणाली. "दिवा जळतो आन् माणूस मरतो, असं व्हतं का?"

आणि मी काय म्हणाले असेन? आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी घड्याळाकडं पाहत म्हणाले, "नाही होत. बाई, दिवा विझला असणार. तुम्ही घाबरलेल्या होतात, तुमच्या लक्षात आलं नसेल."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी व्हता का तिथं?"

मी घड्याळावरून नजर काढली. राग आला होता, तिचा नव्हे तर माझाच. कारण ते शेवटचं वाक्य, 'वर उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष नसतं', ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नव्हतं. त्या रविवारी चौकट भरत नव्हती म्हणून मी ते घुसडलं होतं. चाळीस भरायचे होते, भरले.

"बसा," मी म्हणाले, आणि आमच्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. खरेखुरे प्राध्यापक होते ते. त्यांनी मला एकच विचारलं, "विहिरीत आणखी काय होतं?"

मी फोनवर हात ठेवून कौसाबाईला विचारलं.

"काय असणार? इंजिन व्हतं."

"विहिरीत?"

"मंग! पाणी तळाला गेलंय. वरून वढत न्हाई. उन्हाळ्यात समदेच खाली, विहिरीतल्या मधल्या टप्प्यावर उतरवतात. सकाळधरनं चालू व्हतं रॉकेलवर, दुपारी आपोआप बंद पडलं. म्हणून तर हे बघाया उतरले."

फोनवर सरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "अगं गंधे, मग कसला दिवा विझतोय! इंजिनाच्या धुरातला मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. दिव्याला त्याचं काही नाही, पण माणूस पाच-दहा मिनिटांत आडवा होतो. तुला शिकवलं होतं हे मी."

शिकवलं होतं. परीक्षेच्या पेपरातही लिहिलं होतं मी, त्यावर पहिला वर्ग मिळाला होता.

मी कौसाबाईला सगळं समजावून सांगितलं. दोन वायू असतात. एकानं दिवा विझतो. दुसऱ्यानं विझत नाही, पण माणूस मरतो. तुम्ही खरं बोललात. तिनं एकदम पदर तोंडात धरला. मला वाटलं, आता रडेल. पण ती विचारात पडली होती.

"म्हंजी इंजिनामुळं."

"हो."

"इंजिन भिकानं आणलं व्हतं. दोरानं त्यानंच टप्प्यावर सोडलं." ती खाली बसली. "ताई, दिव्याचं तेवढं छापा. इंजिनाचं नका."

"असं कसं? सगळीकडं लोक इंजिनं खाली उतरवतायत. अजून माणसं मरतील."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. "मंग छापा इंजिनाचंबी. पण त्याचं नाव नको. आन् त्याच्या तोंडावर कुणी बोलू नका. त्याचं त्याला कळंल तवा कळंल. थोरल्या भावाच्या अंगाखांद्यावर वाढलाय त्यो."

मी 'बरं' म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

ती पावणेपाचच्या गाडीनं गेली. मी चौकट लिहिली. 'दुरुस्ती' असं ठळक शीर्षक दिलं. आधीचं उत्तर चुकीचं होतं, दिवा जळत राहिला तरी माणूस दगावू शकतो, वर उभ्या असलेल्याचा दोष नसतो, विहिरीत इंजिन चालवू नका. बरोबर चाळीस शब्द. ती जोर्वेकरसाहेबांपुढं ठेवली.

त्यांनी वाचली, चष्मा काढला. "गंधेबाई, शोध्यांना चुकता येत नाही."

"साहेब, माणूस मेलाय."

"दुरुस्तीनं परत येणार आहे का? एकदा शोधे चुकले म्हणून छापलं, की उद्या अर्धा जिल्हा विचारेल, मागचं काय काय चुकलंय. सदर बंद करावं लागेल. तुमचीच नोकरी आहे ती."

"एका बाईला घराबाहेर काढतायत, आपल्या वाक्यामुळं! मी भरताड म्हणून टाकलेल्या वाक्यामुळं!"

"बरं बरं. आवाज कमी करा. टाकतो मी."

आणि मी विश्वास ठेवला. मूर्ख! रविवारी सकाळी पेपर उघडला तर चौकटीत छापलं होतं, 'विहिरीत इंजिन चालवावे का? शक्यतो टाळावे. धूर आरोग्यास अपायकारक असतो.' आणि उरलेल्या जागेत धुरानं डोळे चुरचुरले तर थंड पाण्याचा शिपका मारावा, असा सल्ला. दिव्याचा शब्द नाही. चुकलो याचा शब्द नाही. मी पेपर चुरगाळून भिंतीवर फेकला. आई म्हणाली, "अगं, काय झालं?"

सोमवारी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं बोरवाडी गाठली. फाट्यापासून दोन मैल चालत. डोक्यावर ऊन, पोटात संताप. मनात भाषण तयार होतं.

थोरव्यांच्या अंगणात लिंबाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. मधोमध भावकीतले सगळ्यांत जाणते, रंगनाथ आबा. एका बाजूला भिका, तिशीचा, दाढी वाढलेला. दारात सासू. कौसाबाई भिंतीला टेकून एकटी उभी होती. मला पाहून तिनं पदर सावरला, बाकी काही नाही.

"मी पेपरातून आले," मी म्हणाले. "शोध्यांचं उत्तर चुकलं होतं. दिवा जळत असतानाही माणूस मरतो. ही बाई खरं बोलते."

आबांनी मला वर-खाली न्याहाळलं. "सर स्वतः का न्हाई आले?"

"सर नाहीतच. ते उत्तर मीच लिहिलं होतं. शोधे मीच."

आधी कुणीतरी खुसकन हसलं, मग सगळेच हसले. भिकानं घरात जाऊन पेपर आणला, मिशाळ माणसाच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे तुमी का?"

"ते चित्र आहे नुसतं."

"बाई, वहिनी शुक्रवारी नगरला, पेपराच्या हापिसात गेली व्हती, समद्या गावाला ठावं हाये. तिनं रडून-भेकून आणलं तुमाला. तुमचं मन मोठं. पण सर कालच्या पेपरात का म्हनले न्हाईत मंग, की चुकलं म्हणून?"

वर्षभर मी त्या खोट्या म्हाताऱ्याच्या तोंडून बोलले होते, आणि जिल्ह्यानं मान डोलावली होती. पहिल्यांदा माझ्या तोंडानं खरं बोलले तर कुणी ऐकायला तयार नव्हतं. मी मोनॉक्साइड सांगितला, रक्तात तो काय करतो ते सांगितलं, माझी डिग्री सांगितली. आबा मधे जांभई देऊन मोकळे झाले. माझा आवाज चिरकायला लागला, डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्याचाच मला भयंकर राग आला.

"ताई, राहू द्या," कौसाबाई म्हणाली. ती खुराड्यापाशी गेली आणि एक कोंबडी बखोटीला मारून आली. काळी, अंड्यावरची. "आबा, विहीर तीच हाये. इंजिनबी अजून खालीच हाये. तासाभराचं रॉकेल घाला, चालवा. बंद पडलं की कंदील आन् ही संगटच सोडा खाली. कंदील इझला तर मी खोटी. आजच पोरीला घेऊन जाते."

आबांनी भिकाकडं पाहिलं. भिका उठला. "व्हऊन जाऊ द्या."

सगळे विहिरीवर गेले. खोल, अरुंद विहीर, वाकून पाहिलं तर तळाशी पाण्याचा एवढासा तुकडा. भिकानं आधी कंदील सोडून पाहिला, जळत राहिला, मग पायऱ्यांच्या दगडांवरून खाली टप्प्यावर उतरला. रॉकेल ओतलं, दोरी ओढली. इंजिन धडधडायला लागलं तसा तो भराभर वर आला. मी त्याच्यावर ओरडतच होते, लवकर या, लवकर या. तो वर येऊन हसला. "भेत्यात ह्या बाई."

तासभर आम्ही बांधावर बसलो. सासू कौसाबाईकडं एकटक पाहत होती. इंजिन खोकत बंद पडलं. कौसाबाईनं पाटीत कोंबडी पाय बांधून ठेवली, पाटीच्या कडेला कंदील अडकवला आणि स्वतःच्या हातानं दोरी सोडली. टप्प्याच्या खाली, पाण्याच्या वर, तिनं दोरी थांबवली.

"आबा, तुमी बघा. माझं लक्ष नसतं."

आबा वाकून बघत राहिले. त्यांच्यामागून आणखी तिघं-चौघं. कोंबडी आधी ओरडत होती. मग ओरडणं कमी झालं, मग थांबलं. कंदील जळत होता. मी घड्याळात पाहिलं, बारा मिनिटं झाली होती.

"वढ," आबा म्हणाले.

पाटी वर आली. कंदिलाची ज्योत सरळ होती. कोंबडीची मान पाटीच्या कडेवरून खाली लोंबत होती. आबांनी तिला बोटानं हलवून पाहिलं, मग कंदिलाकडं पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"कौसा," ते म्हणाले, "चुकलं आमचं."

मला काय वाटलं सांगू? उड्या माराव्याशा वाटल्या. जोर्वेकरसाहेब, शोधे, सगळ्या हसणाऱ्यांची तोंडं, सगळ्यांना एकदम उत्तर मिळालं होतं. सासू पुढं आली आणि तिनं कौसाबाईचा हात धरला. बोलली नाही, पण धरला.

भिका मात्र पाटीपाशी बसून राहिला होता. त्यानं कोंबडी उचलली, खाली ठेवली. विहिरीत पाहिलं. मग माझ्याकडं वळला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मला काहीतरी माहीत आहे हे त्याला पटलंय.

"बाई," तो हळू म्हणाला, "म्हंजी इंजिन खाली ठिवलं, म्हणून दादा गेला?"

मी थांबायला हवं होतं. कौसाबाई माझ्याकडंच पाहत होती, तिनं मान किंचित हलवलीही असेल. पण ह्या माणसानं महिनाभर तिला खोटारडी ठरवलं होतं. मघाशी चित्रावर बोट ठेवून मला हसला होता. आणि प्रश्न स्वच्छ होता, उत्तर मला येत होतं.

"हो," मी म्हणाले. "इंजिन तुम्ही वर ठेवलं असतंत, तर ते आज जिवंत असते."

एक अक्षर चुकीचं नव्हतं त्यात.

भिका तसाच, बसल्या जागी, पुढं वाकत गेला आणि त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. त्याच्या तोंडून आवाज निघाला, तो मी सांगू शकत नाही. सासूनं कौसाबाईचा हात सोडला आणि ती त्याच्याकडं धावली. "माझा भिका, माझा भिका," असं म्हणत त्याची पाठ चोळायला लागली. तो आईला ढकलत होता. आबा म्हणाले, "अरे, समदं गाव उतरवतं इंजिन, तू एकटा का," पण त्याला ते ऐकू जात नव्हतं. चौघांनी त्याला धरलं, कारण विहीर दोन हातांवर होती.

कौसाबाई त्यांच्यात घुसली आणि त्याच्यापुढं बसली. "भावजी, माझ्याकडं बघा. मी म्हनलं उतरा, म्हणून ते उतरले. तुमी न्हाई म्हनला. ऐका माझं." महिनाभर जो दोष तिनं जीव तोडून नाकारला होता, तो ती आता स्वतःच्या तोंडानं स्वतःवर घेत होती.

मी तिथंच उभी होते. कुणाला माझी गरज नव्हती. पुढं होऊन म्हणाले, "कौसाबाई, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

तिनं मागं वळून पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"ताई," ती म्हणाली, "मी तुमाला दिव्याचं इचारलं व्हतं."

आणि ती पुन्हा भिकाकडं वळली. थोड्या वेळानं मी एकटीच फाट्याकडं चालायला लागले.